बाळंतपणानंतर लगेच दिवस राहू नयेत म्हणून काय करायचं?

सिडकोवाली: सातवा महिना चालूये, पहिलंच आहे. सासूबाई म्हणतात अंगावर पाजतेस तोवर पाळी येत नाही, मग काळजी कशाला. पण जावेला तर पाळी यायच्या आधीच दुसऱ्यांदा दिवस राहिले! तपासणीला गेलं की यावर कोणी बोलतच नाही.

पंचवटीची_आई: सासूबाईंचं अर्धं खरंय गं, पण बाळ सहा महिन्यांच्या आतलं, पाळी आलेली नाही आणि दिवसरात्र फक्त अंगावरचंच दूध, वरचं पाणीसुद्धा नाही, हे तिन्ही असेल तरच चालतं. मी डिलिव्हरीनंतर लगेच कॉपर टी (दिवस राहू नयेत म्हणून गर्भाशयात बसवतात ती) बसवली, ४८ तासांच्या आत बसवतात नाहीतर मग ६ आठवडे थांबावं लागतं, म्हणून आत्ताच डॉक्टरांना सांगून ठेव.

आशाताई_सिन्नर: सरकारी दवाखान्यात दिवस राहू नयेत म्हणून अंतरा इंजेक्शन फुकट मिळतं, दर ३ महिन्यांनी, बाळंतपणानंतर ६ आठवड्यांनी सुरू. छाया गोळ्याही आहेत, दूध कमी होत नाही. माला-एन या गोळ्या मात्र अंगावर पाजताना पहिले ६ महिने नको. आणि ताई, पुढच्या तपासणीला मिस्टरांना सोबत आणा, निरोध तर त्यांनीच वापरायचा असतो, सगळं बाईवरच का?

सिडकोवाली: थँक्यू ताई, सोमवारी दोघं जातो.