मदत हवी आहे: लिव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक बीसीएसमध्ये क्लास १, मग बीडीडीसीएसमध्ये क्लास ३ कसं काय?

नमस्कार मंडळी, एम.फार्म. पहिलं वर्ष, फार्मास्युटिक्स. सेमिनार तोंडावर आलाय आणि मी एकाच मुद्द्यावर दोन दिवस अडकलेय.

बीसीएस, म्हणजे विद्राव्यता आणि शोषणावरून औषधांचे चार क्लास पाडणारा तक्ता, कळलंय. अमिडॉन आणि सहकाऱ्यांनी १९९५ला मांडलेलं, प्रश्न दोनच: सगळ्यात मोठा डोस २५० मिलीत, म्हणजे गोळीसोबत पितो त्या पेलाभर पाण्याएवढ्यात, विरघळतो का, आणि आतड्यातून नीट शोषला जातो का. दोन्हींना हो असेल तर क्लास १. मेटफॉर्मिन मस्त विरघळतं पण शोषलं जातं अर्धवट म्हणून क्लास ३, इबुप्रोफेन बरोब्बर उलटं म्हणून क्लास २. प्रोप्रॅनोलॉलने आधी घोळ घातला होता, बायोअव्हेलेबिलिटी (डोसपैकी रक्तात पोचणारा भाग) २५ टक्क्यांच्या आसपास आणि तरी क्लास १? मग लक्षात आलं की आतड्यातून ते जवळजवळ सगळं आत जातं, लिव्हर पहिल्याच फेरीत त्यातलं बरंचसं संपवतं, आणि बीसीएसला फक्त शोषणाशी मतलब आहे.

आता बीडीडीसीएस. २००५ला वू आणि बेनेट यांनी विद्राव्यता तशीच ठेवली आणि पर्मिएबिलिटीच्या (आतड्याच्या भिंतीतून आरपार जाण्याच्या क्षमतेच्या) जागी मेटाबोलिझम (शरीर औषधाचं रूप किती बदलतं ते) घेतलं, कारण जी औषधं आतड्यातून सहज जातात त्यांचं बहुतेक वेळा मेटाबोलिझमही भरपूर होतं. पण लिव्होफ्लॉक्सासिन जवळपास १०० टक्के शोषलं जातं आणि बहुतांश जसंच्या तसं लघवीतून बाहेर पडतं, म्हणून इथे क्लास ३! सोटॅलॉलचंही तेच. मग मुळात शोषण आणि मेटाबोलिझमचा संबंध लागतोच कसा?

हे नुसतं मार्कांसाठी विचारत नाहीये. आईचं क्रिएटिनिन (किडनी मंदावल्याची रक्तातली खूण) वाढलं तेव्हा डॉक्टरांनी तिची अ‍ॅटेनोलॉल बंद करून मेटोप्रोलॉल दिली, "ही किडनीतून जाते, ती लिव्हरमधून" एवढंच म्हणाले. दोन्ही बीटा ब्लॉकर, म्हणजे एकाच गटातली बीपी-हृदयाची औषधं, आणि दोन्ही स्ट्रिप हातात धरून मी बघत बसले होते. तेव्हापासून हे मुळापासून समजून घ्यायचंय.

प्रतिसाद १:
ताई, किडनीपासून सुरुवात कर म्हणजे सुटेल. किडनीत गाळून आलेलं औषध जर पेशींचं पटल सहज ओलांडणारं असेल तर नलिकेतून परत रक्तात शिरतं, पित्तातून आतड्यात आलं तरी तेच. म्हणजे शरीराला ते तसंच्या तसं बाहेर टाकताच येत नाही, आधी लिव्हरला त्याचं रूप बदलावं लागतं. मेटोप्रोलॉल असं आहे. अ‍ॅटेनोलॉल पाण्यात रमणारं, तोंडाने घेतलं तर निम्मंच शोषलं जातं, पण गाळलं गेलं की परत फिरत नाही, म्हणून किडनी मंदावली की साचतं.

लिव्होचं उत्तर: बीसीएस बघतं शेवटी किती शोषलं गेलं, बीडीडीसीएसचं नातं आहे पटल किती वेगाने ओलांडतं त्याच्याशी. आतडं लांबलचक आहे, वेळ भरपूर मिळतो, त्यामुळे सावकाश जाणारंही पूर्ण आत जाऊ शकतं. काहींना वाहक प्रथिनंही हात देतात, सेफाड्रॉक्सिल बघ, पेप्टाइडच्या वाहकावर बसून आत येतं. त्यामुळे दोन्ही तक्ते आपापल्या जागी बरोबर आहेत. बीसीएस जेनेरिकच्या बायोवेव्हरसाठी (माणसांवरची तुलना चाचणी माफ होण्यासाठी), बीडीडीसीएस औषध कुठून बाहेर जाईल आणि दुसऱ्या कुठल्या औषधाशी टक्कर घेईल त्याच्या अंदाजासाठी.

धागाकर्ती:
"किती" आणि "किती वेगाने" मी एकच धरत होते, तिथेच गाडी अडली होती! खूप खूप धन्यवाद. सेमिनारची पहिली स्लाइड आता अ‍ॅटेनोलॉल आणि मेटोप्रोलॉलचीच करते. अजून एक, क्लास २मध्ये आतड्यातल्या पी-ग्लायकोप्रोटीनचा (औषध पेशीतून परत बाहेर फेकणाऱ्या प्रथिनाचा) परिणाम जास्त दिसतो आणि क्लास १मध्ये फारसा नाही, ते विद्राव्यतेमुळेच ना?