किराणा दुकानात निरोध-गोळ्या ठेवायला लायसन्स लागतं का? तातडीने सांगा

बाजारपेठ_कोपरा: किराणा-जनरलचं दुकान आहे. निरोध आणि गोळ्यांचा खोका आलाय. शेजारचा मेडिकलवाला म्हणतो, ड्रग लायसन्सशिवाय ठेवलंस तर एफडीएवाले उचलतील. माल परत करायची मुदत परवा संपते. हो की नाही, एवढंच सांगा.

फार्मा_काका: निरोधला विक्रीचं लायसन्स लागत नाही. गोळ्या कोणत्या? पाकिटामागचे घटक मिलिग्रॅमसकट टाका.

बाजारपेठ_कोपरा: गर्भनिरोधक गोळ्या हो. सगळ्या सारख्याच ना?

फार्मा_काका: नाहीत, तिथेच तर मेख आहे. औषध नियमांच्या परिशिष्ट 'के'मध्ये ठरावीक घटकांनाच सूट आहे. लेव्होनॉरजेस्ट्रेल ०.१५ मिग्रॅ + इथिनिल इस्ट्रॅडिऑल ०.०३ मिग्रॅ (माला-डी), सेंटक्रोमन ३० मिग्रॅ (सहेली) वगैरे. आकडा जुळला नाही तर सूट नाही.

लाल_त्रिकोण: मेडिकलवाला बोलणारच, त्याचं गिऱ्हाईक जातंय ना! १९६८ साली निरोध आला तोच मुळी हिंदुस्तान लिव्हर, ब्रुक बॉण्ड, लिप्टन, युनियन कार्बाइड यांच्या विक्रीच्या साखळीतून. १५ पैशांना ३. दवाखान्याची पायरी न चढणारा माणूसही चहापत्ती घ्यायला दुकानात येतोच, असा साधा हिशोब.

घरचा_वैद्य: त्यापेक्षा कॉपर-टी ३८० ए उत्तम. एकदा बसवली की १० वर्षं बघायला नको.

लाल_त्रिकोण: अहो वैद्य, ते दुकानदार आहेत, पेशंट नाहीत.

उपकेंद्र_ताई: आणि दुकानातून विकायचंच कशाला? आशा घरपोच देते की. ३ निरोध १ रुपयाला, गोळ्यांचं पाकीट १ रुपयाला.

लाल_त्रिकोण: ताई, आशा गावातलीच, कुणाची वहिनी, कुणाची काकू. तिच्याकडे निरोध मागायला गडी धजत नाही. तो बाजाराच्या दिवशी दुसऱ्या गावातून घेतो.

उपकेंद्र_ताई: बायका मागतात ना! पण आशा गोळी देताना विचारते: बाळ ६ महिन्यांच्या आतलं आणि अंगावर पितंय का, बीपी आहे का, पस्तिशी उलटून विडी-सिगारेट चालू आहे का. असेल तर माला-डी नाही. काउंटरवर कोण विचारणार?

बाजारपेठ_कोपरा: भांडण नंतर. खोका उघडला. निरोध ३-३ ची १०० पाकिटं. माला २० पाकिटं. एकच गोळी असलेली पाकिटं, १.५ मिग्रॅ. आणि ५ गोळ्यांची किट, एक वेगळी नि चार सारख्या.

फार्मा_काका: हे आधी सांगायचं ना राव! ती १+४ वाली किट गर्भपाताची आहे, मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती मेडिकलवालाही देऊ शकत नाही. आजच परत करा आणि परतीची पावती घ्या. १.५ ची ती तातडीची गर्भनिरोधक गोळी, संबंध झाल्यावर घ्यायची. तिला चिठ्ठी लागत नाही, म्हणून दुकानाला लायसन्स लागत नाही असं नव्हे. तीही परत. आता माला कोणती ते बघा, डी की एन?

बाजारपेठ_कोपरा: एन. घटक तुम्ही लिहिलेत तेच, ०.१५ आणि ०.०३. मग चालेल ना? बाजूला 'विक्रीसाठी नाही' असं बारीक छापलंय.

उपकेंद्र_ताई: गोळी तीच, पण माला-एन सरकारी, फुकट वाटपाची. कुठल्या तरी उपकेंद्राच्या कपाटातून निघालीय. एकही पाकीट विकू नका. पुढे माला-डी ठेवलीत तर पान कापून सुट्या गोळ्या देऊ नका. २१ हार्मोनच्या, ७ लोहाच्या. कापलं की क्रम गेला.

फार्मा_काका: बिलावर काय लिहिलंय? निरोधवर जीएसटी शून्य आहे.

बाजारपेठ_कोपरा: बिल कुठलं, साध्या कागदावर हिशोब दिलाय.

फार्मा_काका: मग पक्कं बिल मिळेपर्यंत निरोधही विकायला काढू नका. बॅच नंबर आणि मुदतीची तारीख बिलाशी ताडून बघा.

लाल_त्रिकोण: बिल आलं की ब्लेड आणि दाढीच्या क्रीमशेजारी लावा, किंमत दिसेल अशी. गिऱ्हाइकाला बोट दाखवता आलं पाहिजे. गल्ल्याखाली लपवलंत तर तिथेच मुदत संपेल.

बाजारपेठ_कोपरा: तिथे काचेचं कपाट आहे. चालेल?

फार्मा_काका: कपाटाचं तोंड कुठे? आणि वर पत्रा आहे की स्लॅब? उन्हाने रबर कडक होऊन फाटतं.