रक्तातील सीपीके वाढले म्हणजे स्नायूंचे नेमके काय झाले?

प्रश्न:
माझा धाकटा भाऊ पोलीस भरतीची तयारी करतो. गेल्या रविवारी तो सिंहगड पहिल्यांदाच चढला आणि पळत उतरला. दुसऱ्या दिवशी मांड्या इतक्या भरून आल्या की जिना उतरताना त्याला कठडा धरावा लागला. रक्ततपासणीत सीपीके हे विकर (एन्झाइम) २,४०० आले. अहवालात वरची मर्यादा २०० आहे. हे विकर स्नायूंना ऊर्जा मिळवून देते असे वाचले, मग ते वाढल्याची काळजी का करायची?

उत्तर (जीवरसायनाची शिक्षिका):
स्नायू एटीपी हा ऊर्जा देणारा रेणू खर्चून आकुंचन पावतो, पण त्याच्याजवळचा साठा जोरकस हालचालीत दोन-तीन सेकंदच पुरेल इतका असतो. तेव्हा क्रिएटिन कायनेज, म्हणजेच आपले सीपीके, फॉस्फोक्रिएटिन या स्नायूतील राखीव साठ्याचा फॉस्फेट काढून एडीपीला (खर्च झालेल्या एटीपीला) जोडते आणि एटीपी तत्काळ पुन्हा तयार होते. भरतीतील गोळाफेक आणि १०० मीटर धाव बरीचशी याच्या बळावर होते. १६०० मीटरसाठी मात्र ग्लायकोजेन (स्नायूंत साठवलेली साखर) आणि ऑक्सिजन लागतो. या विकराचे काम पेशीच्या आत आहे. ते रक्तात दिसले म्हणजे ऊर्जा वाढली असे नव्हे. धान्य अंगणात सांडलेले दिसले की पोते फाटले हे कळते, तसेच हे. गड उतरताना मांडीचा स्नायू भार पेलत असतानाच ताणला जातो, म्हणून चढण्यापेक्षा उतरण्यानेच ही इजा अधिक होते.

उत्तर (डॉक्टर):
सवय नसताना केलेल्या व्यायामानंतर सीपीके एक ते चार दिवस वाढत राहू शकते. तरीही एक गोष्ट आजच विचारा: लघवी काळ्या चहासारखी होते का? तसे असेल तर स्नायूंतून सांडलेले मायोग्लोबिन हे प्रथिन मूत्रपिंडांना इजा करू शकते. त्याला ताबडतोब रुग्णालयात न्या. नसेल तर पूर्ण विश्रांती, भरपूर पाणी आणि आठवड्याने पुन्हा तपासणी.

उत्तर:
थोड्या श्रमानेही दरवेळी गोळे येत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. १९५१ मध्ये ब्रिटिश डॉक्टर ब्रायन मॅकआर्डल यांनी अशाच रुग्णाचे वर्णन केले होते. त्या आजारात ग्लायकोजेन फोडणारे विकरच स्नायूंत नसते.

प्रश्नकर्ती:
लघवीचा रंग नेहमीसारखाच आहे आणि असे गोळे त्याला पूर्वी कधी आलेले नाहीत. सराव थांबवला आहे. पुढच्या सोमवारी पुन्हा रक्त देऊ.