इंजिन बदलू नका, उन्हाळ्याची कामं करा

१९७० च्या फियाट ११०० मध्ये मारुतीचं इंजिन टाकावं का, असं धुळ्याच्या दादांनी विचारलंय. नको! ५० वर्षांवरच्या गाडीला २०२१ च्या नियमांनी विंटेज नोंदणी मिळते, पण चासी, बॉडी, इंजिन मूळ असायला हवं.

आपल्याकडे मे महिन्यात गाडी बंद पडते ती बऱ्याचदा इंजिन म्हातारं झालं म्हणून नाही. तापलेली गाडी १० मिनिटं उभी राहिली की इंजिनाला चिकटलेल्या पेट्रोल पंपात वाफ धरते. सेल्फ फिरतो, गाडी चालू होत नाही. पंपावर ओलं फडकं ठेवून चालू झाली, तर दुखणं हेच. पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या पाइपापासून लांबून घ्या, मधे पत्रा आडवा लावा. रेडिएटरमधला क्षार काढून घ्या. नंतर बोअरचं पाणी अजिबात नको, डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं. पंपाचा पडदा आणि रबरी नळ्या पेट्रोलमधल्या इथेनॉलला टिकणाऱ्याच घ्या. २० टक्के इथेनॉलच्या मिश्रणात जुनं रबर आधी फुगतं, मग चिरतं.

हेडलाइटला रिले (दिव्याचा जास्तीचा करंट स्वतःवर घेणारा छोटा विजेवरचा स्विच) मात्र खुशाल बसवा, जुन्या स्विचवरचा भार उतरतो. फक्त मूळ वायरिंग कापू नका, वेगळी वायर ओढा. आणि काढलेला पार्ट भंगारात नाही, चिठ्ठी लावून डब्यात.