मेमधल्या लग्नात बार्बेक्यू : सोलापुरात ठेवावा की नाही?

सोलापूरची मावशी
भाचीचं लग्न मेच्या शेवटच्या आठवड्यात आहे. गोरज मुहूर्त, होटगी रोडला उघडं लॉन, सातशे पानं. भाचीचं म्हणणं, रात्रीच्या जेवणाला नेहमीचा बेत नकोच, सगळा बार्बेक्यू ठेवायचा. पनीर टिक्का, मशरूम, अननस, चिकन आणि मटणाची शीक. केटररने लगेच होकार दिला. घरात विरोध करणारी मी एकटी.

सोलापुरात मेमध्ये पारा ४० च्या वर असतो, एखाद्या दिवशी ४३ लाही जातो. सूर्य मावळला तरी फरशी आणि भिंती उशिरापर्यंत धग सोडत असतात. बार्शी, अक्कलकोट, मंगळवेढ्याहून म्हातारी माणसं उन्हातून प्रवास करून येणार. त्यांना बसवून, आधी पाणी विचारून ताट वाढायचं, की निखाऱ्यासमोर रांगेत उभं करायचं? लग्नाचं जेवण आग्रहाचं असतं. शेगडीपाशी कोण कुणाला आग्रह करणार?

होटगी रोडकर
मावशी, भाजलेलं खाणं सोलापूरला नवीन आहे का? थंडीत शेतात आगटी पेटवून हुरडा खातो तो आपणच. शीकच्या गाड्या मेमध्ये बंद होत नाहीत, लोक तिथं उभं राहूनच खातात की ओ. उलट उन्हाळ्यात पुऱ्या, मसालेभात, गुलाबजाम हाच बेत जड पडतो. निम्मं ताटात राहतं. शेगडीवरचं कमी तेलाचं, हवं तेवढंच भाजायचं, वाया कमी जातं. आणि लग्न भाचीचं आहे. तिला काय खायला घालायचंय ते तिनं ठरवू नये का?

विजापूर वेस
ठरवावं की. पण आलेल्या पाहुण्याला जेवता आलं पाहिजे, हेही तिनंच बघायचं. आमच्याकडे लग्नात अर्धे पाहुणे लिंगायत असतात. ज्या जाळीवर मटण भाजलं तिच्यावरचं पनीर त्यांनी का खावं? 'चिमटा वेगळा आहे' असं सांगून भागत नाही. जाळी, ब्रश, मसाल्याचं भांडं, भाजणारा माणूस, सगळं वेगळं लागतं. शेगड्याही लांब हव्यात, वारा कुठून येतो ते बघून. माणूस तोंडावर काही बोलणार नाही. नुसता दहीभात घेईल आणि उठेल. यजमानाला ते कळणारसुद्धा नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं.

शेगडीवाला
लग्नाची जेवणं हाच माझा धंदा आहे, म्हणून आधी हिशेब मांडतो. माणशी तीन तुकडे धरले तर सातशे माणसांचे २१०० तुकडे. एका सळईला पाच, म्हणजे ४२० सळया. मोठ्या शेगडीवर एका वेळी वीस सळया बसतात आणि एक खेप नीट भाजायला बारा मिनिटं जातात. एकवीस खेपा, म्हणजे चार तासांच्या वर! तेही फक्त तीन तुकड्यांसाठी, त्यानं पोट भरत नाही. चार शेगड्या लावल्या तर तासाभरात उरकेल, पण मग चार शेगड्यांची धग आणि आठ माणसं. हा हिशेब न करता होकार देणारा केटरर ऐनवेळी घाई करतो आणि आतून कच्चं चिकन ताटात जातं.

चिकन आतून ७४ अंशांपर्यंत शिजलंच पाहिजे, वरून काळं झालं म्हणजे झालं असं नाही. मसाला लावलेलं मांस भाजेपर्यंत बर्फात किंवा फ्रीजरच्या गाडीत ठेवायचं. हवा ३२ अंशांच्या वर असली की बाहेर काढून ठेवलेलं मांस तासाभराच्या पुढे वापरू नये. मेमधल्या सोलापुरात रात्री आठलाही हवा त्याच्या खाली नसते. लोणारी कोळशावर पांढरी राख चढायला अर्धा तास लागतो. त्याआधी सळई ठेवली तर धूर आणि जळकी चव, दुसरं काही मिळत नाही.

माझं मत विचाराल तर बार्बेक्यू हळदीच्या संध्याकाळी ठेवा. दीडशे माणसं असतील तर ९० सळया, पाच खेपा, एका शेगडीवर तासाभरात काम होतं. लग्नाच्या दिवशी रीतसर जेवण.

भाकरतुकडा
शेगडीवाले दादांनी खरा मुद्दा काढला. पण मी बार्बेक्यूच्या बाजूची आहे, फक्त यादी बदला. पनीर निखाऱ्यावर दोन मिनिटं जास्त राहिलं की रबर होतं. वांगी, कांदे, ढबू मिरची, टोमॅटो भाजा. वांग्याचं भरीत तिथंच ठेचून गरम वाढा, सोबत कडक भाकरी, शेंगा चटणी, दही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, ती ज्वारी घरच्या लग्नात का नसावी? अननसापेक्षा कैऱ्या घ्या. सकाळीच निखाऱ्यात भाजून गर काढायचा, गूळ, वेलची, मीठ घालून थंड करायचा. दारातच प्रत्येकाच्या हातात पन्ह्याचा पेला. उन्हातून आलेल्या माणसाला याहून चांगलं स्वागत मला सुचत नाही. आणि हे शाकाहारी असल्यामुळे विजापूर वेसवाल्यांची अडचणही सुटते.

होटगी रोडकर
ताई, यादी छान आहे, पण भरीत-भाकरी म्हणजे बार्बेक्यू नव्हे. भाचीला शीक हवी आहे. हळदीला ठेवा म्हणणं सोपं आहे. तिच्या मैत्रिणी आणि ऑफिसची मंडळी पुण्याहून लग्नाच्याच दिवशी येणार, त्यांच्यासाठी तर तिनं हे काढलं. त्यांना पंगतीत बसवून हळदीला काय मजा आली ते ऐकवायचं का?

विजापूर वेस
मेमधल्या संध्याकाळी वळीव आला तर काय, याचा विचार झालाय का? पावसाआधीचं वारं सुटलं की कनाती उडतात. खाली पेटते निखारे, वर कापड. आणि पाऊस आलाच तर लोक हॉलमध्ये शिरणार, पाठोपाठ कुणीतरी शेगडीही आत नेणार. बंद खोलीत कोळशाचा वायू साठतो, त्याला वास नसतो, जीव जाऊ शकतो. एवढं तरी लेखी ठरवून घ्या.

सोलापूरची मावशी
हे मुद्दे मी आज भाचीपुढे ठेवले. चार तासांचा हिशेब ऐकून ती गप्प झाली, पण मैत्रिणींचं तिचं म्हणणं मलाही पटलं. आता माझी तयारी इतपत आहे: सातशे पानांचं जेवण नेहमीसारखं, शाकाहारी, टेबल-खुर्ची मांडून, वाढपी फिरते. दारात पन्हं. कनातीपासून लांब, लॉनच्या मोकळ्या टोकाला शंभर माणसांपुरती एक शेगडी, साडेआठनंतर. शेजारी वाळू आणि पाण्याच्या बादल्या, वारं सुटलं की निखारे विझवायचे, शेगडी आत न्यायची नाही. त्या शेगडीवर मटण मात्र नको, भाज्या आणि पनीरच. शीक हळदीला.

होटगी रोडकर
म्हणजे पुण्याच्या पोरांना शीक मिळणार नाहीच.

सोलापूरची मावशी
लग्नमंडपात नाही. हवं तर आदल्या दिवशी मुक्कामाला या म्हणावं, अंथरूण-पांघरूण माझ्याकडे.

शेगडीवाला
मावशी, शेगडीवर उभ्या राहणाऱ्या दोन पोरांसाठी ताक आणि मोठा पंखा बाजूला ठेवा, आणि अर्ध्या तासानं त्यांची पाळी बदला. पंख्याचं तोंड निखाऱ्याकडे नको, ठिणग्या उडतात.