१२ तासांची शिफ्ट आणि मतदान, सुट्टी मागितली तर चालते का?

लॅबवाली_प्लेनो
नमस्कार मंडळी, डॅलसजवळ प्लेनोला राहते, सिटिझनशिप झाली आणि ३ नोव्हेंबरची मिडटर्म (अध्यक्षाच्या कारकिर्दीच्या मध्यात येणारी निवडणूक) म्हणजे माझं इथलं पहिलंच मतदान. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे, शिफ्ट सकाळी पावणेसात ते संध्याकाळी सव्वासात, आणि मतदान केंद्र उघडं ७ ते ७, आता बोला! मॅनेजरला सहज विचारलं तर म्हणे पीटीओ (आपली पगारी रजा) टाक. मतदानासाठी स्वतःची रजा घालवायची हे काही डोक्यात शिरत नाहीये. दुसरं म्हणजे आमचा सुपरवायजर ब्रेकरूममध्ये सगळ्यांसमोर विचारतो, तू कुणाला देणार? हसून वेळ मारून नेते, पण वर्षाचा रिव्ह्यू त्याच्याच हातात आहे. टेक्सासमध्ये कारण न देता पण नोकरीवरून काढू शकतात म्हणतात. मग आपल्याला हक्क नक्की काय आहेत इथे? की गुपचूप पीटीओ टाकून मोकळी होऊ?

फ्रिस्कोकर
पीटीओ अजिबात टाकू नका ताई. केंद्र उघडं असताना ड्युटीच्या बाहेर सलग २ तास मिळत नसतील तर मतदानाच्या दिवशी मालकाने सोडलंच पाहिजे, आणि त्या वेळेचा पगार कापता येत नाही, हे टेक्सासच्या इलेक्शन कोडमध्येच आहे. तुम्हाला २ तास सोडा, २ मिनिटं पण मिळत नाहीयेत. मॅनेजरला बहुतेक माहीतच नसेल, इथे कोण वाचतं. तोंडी बोलू नका, दोन ओळींची ईमेल टाका आणि एचआरला सीसी करा, बघा कसा सूर बदलतो.

पण खरं सांगू का, भांडायची वेळच येऊ देऊ नका. अर्ली वोटिंग (मुख्य दिवसाच्या आधीच मत देणं) असतं ना, काउंटीतल्या कुठल्याही अर्ली केंद्रावर जाता येतं, आणि १२ तासांच्या शिफ्टवाल्यांना आठवड्यात मोकळे दिवस असतातच. रजिस्ट्रेशन झालंय का तेवढं आधी बघा, मतदानाच्या ३० दिवस आधी ते बंद होतं, नंतर कितीही डोकं आपटा.

सुपरवायजरचं म्हणाल तर कुणाला मत दिलं हे सांगितलं नाही म्हणून कुणी पगार किंवा बेनिफिट कमी केले तर टेक्सासमध्ये तो फेलनी म्हणजे गंभीर गुन्हा आहे, साधा दंड भरून सुटण्यातला प्रकार नाही. अर्थात रिव्ह्यू त्याच कारणाने खराब दिला हे सिद्ध कोण करणार म्हणा.

सदाशिव_पेठेतून
आमच्याकडे बघा, १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम १३५ बी आहे, मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी, मालकाने दिली नाही तर दंड. रोजंदारीवाल्याला पण. आणि जगाला लोकशाही शिकवणारे मंगळवारी कामाच्या दिवशी मतदान ठेवतात, काय बोलायचं!

बे_एरिया_काका
सुट्टी मिळते आणि अर्धं पुणं लोणावळ्याला जातं ते पण लिहा की राव 😄

मंगळवारचं कारण १८४५ सालचं आहे. तेव्हा शेतकरी घोडागाडीने तालुक्याच्या गावी मत द्यायला यायचे, रविवारी चर्च, बुधवारी बाजार, मग मंगळवार बरा. घोडे गेले, मंगळवार राहिला. मतदानाला सुट्टी द्या असा फेडरल कायदा नाहीच, सगळं राज्यावर. आमच्या कॅलिफोर्नियात २ तासांपर्यंत पगारी वेळ मिळतो आणि मतदानाच्या १० दिवस आधी तशी नोटीस ऑफिसात लावावी लागते. आमच्याकडे ती कॉफी मशीनच्या बाजूला मिनिमम वेजच्या पोस्टरशेजारी असते, कुणी वाचत नाही ते सोडा.

आता ॲट-विलचं, म्हणजे कधीही नोकरीवरून काढता येण्याच्या नियमाचं. मोंटाना सोडलं तर सगळीकडे तेच, कारण न देता काढतात, फक्त बेकायदा कारणाने काढता येत नाही. इथे आपली माणसं एक घोळ घालतात, फर्स्ट अमेंडमेंट (घटनेतलं भाषणस्वातंत्र्याचं कलम) आहे ना, मी काहीपण बोलेन. अहो ते सरकारपासून संरक्षण आहे, प्रायव्हेट कंपनीपासून नाही. कॅलिफोर्नियात राजकीय मतावरून काढायला मनाई आहे, टेक्सासमध्ये प्रायव्हेट नोकरीत तसं काही नाही. म्हणजे तुमचं मत सुरक्षित, पण गाडीवर कुणाचं स्टिकर लावलं किंवा फेसबुकवर लांबलचक पोस्ट टाकली आणि साहेबाला झोंबली, तर अवघड आहे. तेव्हा ब्रेकरूममध्ये हसून टाळता तेच करा.

मिसिसिपीकाठचा_मावळा
मी सेंट लुईसचा, मिझुरी राज्यातला. आपल्या मंडळाच्या गणपतीत जेवणाच्या पंगतीपासून पार्किंगपर्यंत ट्रम्प ट्रम्प चालतं, आणि आपल्या पगाराचं, रजेचं ज्या कागदावर ठरतं तो बॅलट (मतपत्रिका) कुणी शेवटपर्यंत वाचत नाही. फेडरल मिनिमम वेज २००९ पासून ७.२५ डॉलरवर अडकलंय आणि पगारी सिक लीव्ह फेडरल कायद्यात नाहीच, मग हे राज्यातच ठरणार ना.

आमच्याकडे २०२४ ला प्रपोझिशन ए, म्हणजे लोकांनी थेट मत देऊन ठरवायचा प्रस्ताव होता, मिनिमम वेज १५ डॉलर आणि ३० तास कामाला १ तास सिक लीव्ह. त्याच बॅलटवर लोकांनी ट्रम्पला भरभरून मतं दिली आणि हे पण जवळपास ५८ टक्क्यांनी पास केलं, म्हणजे रिपब्लिकन मतदार कामगारांच्या विरोधात असतो वगैरे बाता मला सांगू नका. १ मे २०२५ ला रजा सुरू झाली. आणि जुलैत आमच्या विधिमंडळाचं बिल गव्हर्नरने सही करून टाकलं, २८ ऑगस्टला सिक लीव्ह बंद! लोकांनी पास केला तो साधा कायदा होता, राज्यघटनेतली दुरुस्ती नव्हती, म्हणून त्यांना हात घालता आला. वेज तेवढं राहिलं. आता सांगा, राज्याच्या आमदाराचं नाव किती जणांना माहितीये? मला विचाराल तर प्रेसिडेंटपेक्षा तो माणूस तुमच्या नोकरीच्या जास्त जवळ आहे.

एच१_वाला_गरीब
आम्ही नोकरीच्या व्हिसावर, आम्हाला मत नाही पण एक सांगतो. ड्रायव्हिंग लायसन्सच्या काउंटरवर व्होटर रजिस्ट्रेशनचं विचारतात, घाईत हो म्हणू नका कुणी. सिटिझन नसताना नाव लागलं किंवा मत दिलं तर डिपोर्टेशनपर्यंत जातं प्रकरण, चुकून झालं म्हणून कुणी ऐकत नाही.

लॅबवाली_प्लेनो
बापरे केवढं लिहिलंत, मनापासून आभार. एचआरला ईमेल टाकतेच, जायचं अर्लीलाच पण माझ्यामागे त्या लॅबमध्ये अजून चौघी आहेत त्याच शिफ्टला, त्यांना कळू दे. सॅम्पल बॅलट उघडून बघितलं तर नुसते जज्जच जज्ज (इथे तेही मतदानाने निवडतात), एकाचं नाव ओळखीचं नाही, आणि एकच बटण दाबून पूर्ण पार्टीला देता येतं ते कुठाय?

फ्रिस्कोकर
ते २०२० पासून बंद झालं टेक्सासमध्ये, आता एकेकाला टिक करत बसायचं. घरी निवांत बसून कागदावर नावं लिहून न्या, कागद चालतो. फोनमध्ये लिहून नेऊ नका, केंद्रात फोन वापरू देत नाहीत. फोटो आयडी विसरू नका.