शब्दचर्चा : 'कोलॅबरेशन'ला मराठीत काय म्हणाल?

ऑफिसात नव्याने येणाऱ्यांसाठी मराठीत माहितीपत्रक लिहितोय. गूगल डॉक्स, स्लॅक, टीम्स वगैरे कसं वापरायचं, एवढाच विषय. पण 'ऑनलाइन कोलॅबरेशन टूल्स' या शीर्षकापाशीच गाडी अडली. सहकार्य, सहयोग, सहकार हे तिन्ही लिहून पाहिले, तिन्ही खोडले. तुम्ही काय लिहाल?

*

अर्थाने सर्वांत जवळचा 'सहकार्य'. मूळ लॅटिन शब्दातही 'सोबत' आणि 'श्रम करणे' हेच दोन तुकडे आहेत. पण वापरून वापरून हा शब्द पार बदलला. 'काम चालू आहे, सहकार्य करावे' ही पाटी वाचून कुणी फावडं हातात घेत नाही. मुकाट्याने वळसा घालून जातो. 'त्यांनी खूप सहकार्य केलं' म्हणजे बहुधा 'अडवलं नाही'.

'सहयोग'ला वर्गणीचा वास येतो. 'सहकार' तर संस्थांच्या आणि चळवळींच्या ताब्यात गेलाय. (संस्कृत काव्यात सहकार म्हणजे आंब्याचं झाड, हे जाता जाता.) १९२० साली गांधीजींनी सुरू केलेल्या आंदोलनाला हिंदीत 'असहयोग' म्हणतात, आपण 'असहकार' म्हणतो. हिंदीवरून उचललेला 'सहयोग' मराठीत थोडा उपरा वाटतो तो यामुळेच असावा.

*

इंग्रजी शब्द तरी कुठे धुतल्या तांदळासारखा आहे? दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी व्यापलेल्या फ्रान्समध्ये शत्रूला सामील झालेल्यांना 'कोलॅबरेटर'च म्हणत.

*

नामाचं राहू द्या, खरा घोळ क्रियापदात आहे. 'फाइल शेअर केली' याचं आपण सर्रास 'फाइल पाठवली' करतो. पाठवली म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, आपल्याला आपली वेगळी प्रत मिळाली. आमच्याकडे एकाने अशी 'पाठवलेली' हिशेबाची फाइल उघडली, नको असलेले रकाने काढून टाकले आणि स्वतःपुरता तक्ता सुटसुटीत करून घेतला. पाच मिनिटांत चौघांचे फोन. फाइल एकच होती! जुन्या आवृत्त्यांच्या नोंदीतून ती परत आणली, पण त्या माणसाची चूक काय? त्याला सांगितलेलं क्रियापद चुकीचं होतं.

'वाटणे'ही नको, वाटलं की वाटे पडतात. 'सामायिक करणे' पुस्तकी आहे खरं, पण अर्थ नेमका. सामायिक भिंत म्हणजे दोघांत एकच भिंत. आपल्या बाजूने खिळा ठोकला तरी शेजाऱ्याला हादरा बसतो. आणि लसावितला 'सा' सामाईकचाच, म्हणजे शब्द शाळेपासून ओळखीचा.

*

याला जोड : सामायिक करताना हक्क कुठला दिला, तेही क्रियापदातच येऊ द्या. 'पाहायला दिली', 'शेरे मारायला दिली', 'बदलायला दिली'. 'ॲक्सेस दिला' एवढ्यावर कुणालाच नीट कळत नाही.

*

'एकच मजकूर, अनेक हात' ही कल्पना आजची नाही. ९ डिसेंबर १९६८ रोजी डग्लस एंगलबार्ट या अमेरिकी संगणक-संशोधकांनी सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका परिषदेत मंचावर बसून, दूर मेन्लो पार्क गावातल्या प्रयोगशाळेत बसलेल्या सहकाऱ्याबरोबर एकाच पडद्यावरच्या मजकुरावर काम करून दाखवलं होतं. तेव्हा शीर्षकातही 'एकाच'वर जोर हवा. 'सह-' लावून नवा जोडशब्द पाडायची हौस असेल तर पाडा, पण वाचणारा तिथेच थबकेल.

*

'असिंक्रोनस'चं, म्हणजे सगळे एकाच वेळी हजर नसतानाही चालणाऱ्या कामाचं, काय करायचं? 'असमकालिक' लिहिलेलं पाहिलंय.

*

'सवडीने उत्तर द्या' लिहा. काम झालं.

*

सर्वांचे आभार. शीर्षक 'एकाच फाइलवर मिळून काम' असं केलंय आणि 'पाठवा' जिथे जिथे होतं तिथे 'सामायिक करा' घातलंय. पहिल्या वेळी पुढे 'प्रत एकच राहते' असंही जोडलंय. 'टॅग करा' मात्र तसंच ठेवतोय. त्याजागी 'उल्लेख करा' लिहून एका सहकाऱ्याला कच्चा मसुदा दाखवला, तर तो म्हणाला, "माझा उल्लेख म्हणजे? माझी तक्रार गेलीये का वर?"